देवी नागनिका : नाणेघाटातील एक लेख आणि त्याचे वाचक

कर्जत स्थानकाला लागून असलेल्या भिसेगावात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना घाट म्हणजे काय हे ग्रंथ चाळून समजून घ्यावे लागत नाही. पूर्वेस सह्याद्रीची भिंत आणि तिच्या माथ्यावर राजमाचीचे दोन बालेकिल्ले, पश्चिमेस माथेरानचा डोंगर, आणि या दोहोंच्या मधून वाट काढीत कल्याणच्या खाडीकडे जाणारी उल्हास नदी. अशा या चिंचोळ्या मुलखात दोन हजार वर्षे जे जे आले ते एक तर बंदरावरून चढले नाही तर देशावरून उतरले, आणि चढण्यापूर्वी वा उतरल्यावर त्याने या पायथ्याशी थोडा विसावा घेतला, जकात भरली, बैल बदलले, किंवा अलीकडच्या काळात गाडीला मागून जादा इंजिन लावून घेतले. इंग्रजांनी १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला केला आणि १८६३ मध्ये लोहमार्ग खंडाळ्यापर्यंत नेऊन भिडविला, याचे कौतुक त्यांनी स्वतःच पुष्कळ करून घेतले; परंतु ज्या दिशेने ते चढले ती दिशा कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी खोदणाऱ्यांच्या काळीच वहिवाटीची झालेली होती, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील ज्या यवनांची नावे दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत, त्यांचा माल याच डोंगरांच्या कोणत्या तरी खिंडीतून वर गेला असला पाहिजे.

या प्राचीन वाहतुकीची खूण पाहण्यासाठी कर्जतकराला फार लांब जावे लागत नाही. राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेले एक चैत्यगृह आणि त्याच्या शेजारी विहार आहे. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात करणाऱ्या त्या कारागिरांनी दर्शनी भागाजवळ एक भव्य पुरुषाकृतीही कोरली होती. त्या आकृतीचे शरीर आज नष्ट झालेले आहे, मस्तकाचा भाग तेवढा छिन्न अवस्थेत राहिला आहे, आणि त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ आहे की कान्हाचा शिष्य बलक याने हे केले. हा कान्ह म्हणजे सातवाहन कुळातला त्याच नावाचा राजा समजण्याचे कारण नाही. तो बलकाचा गुरू होता एवढेच आपल्याला ठाऊक आहे. ज्याची आकृती घडविली तो यक्ष होता की द्वारपाल, याविषयी आता वाद घालता येतो, पण ज्याने ती घडविली त्याच्या नावाविषयी वाद नाही. सह्याद्रीच्या पावसात मूर्तीपेक्षा अक्षर अधिक टिकते, असा अनुभव आमच्या भागातील लेणी पाहणाऱ्याला वारंवार येतो, आणि त्या अनुभवाचे सर्वात मोठे आणि राजकीय दृष्ट्या सर्वात महत्त्वाचे उदाहरण पाहावयाचे असेल तर कर्जतहून उत्तरेकडे, मुरबाड ओलांडून, वैशाखऱ्याच्या वाटेने नाणेघाटाच्या माथ्यावर जावे लागते.

नाणेघाट ही कल्याण आणि सोपारा या बंदरांहून जुन्नरमार्गे पैठणकडे, म्हणजे सातवाहनांच्या प्रतिष्ठानाकडे, जाणारी जुनी वाट. घाटाच्या तोंडाशी दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकली जात असे परंपरा सांगते. शेजारच्या कड्याला लोक नानाचा अंगठा म्हणतात. आणि माथ्याजवळ कातळात खोदलेले एक दालन आहे, ज्याच्या मागच्या भिंतीवर कधी काळी एका राजघराण्याच्या प्रतिमा रांगेने उभ्या होत्या. आज तेथे काही पावलांच्या खुणा आणि वरचे मथळे एवढेच उरले आहे. मथळे सांगतात की येथे राजा सिमुक सातवाहन होता, येथे कुमार भाय, येथे महारठी त्रणकयिर, येथे कुमार हकुसिरी, येथे कुमार सातवाहन. आणि सिमुकाच्या लगतच्या मथळ्यात दोन नावे एकत्र आहेत : देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याला बाजूच्या भिंतीवरील लेख दक्षिणापथाचा स्वामी आणि अप्रतिहत चक्राचा राजा म्हणून गौरवितो, त्याचे नाव त्याच्या पत्नीच्या नावामागून आलेले आहे.

हीच ती राणी जिला आपण आज नागनिका म्हणतो. तिची प्रतिमा नाही, तिची समाधी नाही, तिच्यावर तत्कालीन कवीचे काव्य नाही, आणि घाटाच्या परिसरात नानाचे नाव जसे कड्याला चिकटले तसे तिचे नाव कशाला चिकटलेले ऐकू येत नाही. तिच्याविषयी जे आहे ते त्या दालनाच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर, दोन्हीकडे दहा-दहा ओळींत, महाराष्ट्री वळणाच्या प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. या लेखाचा बराच भाग झिजलेला आहे, आणि दुर्दैवाचा भाग असा की राणीचे नाव ज्या ठिकाणी यावे तेथेच अक्षरे शाबूत नाहीत. ती महारठीची कन्या, अंगिय कुळाची वृद्धी करणाऱ्याची मुलगी, सातकर्णीची पत्नी, वेदिश्री आणि सतिश्री यांची माता, एवढे नात्यांचे धागे मात्र वाचता येतात, आणि ते धागे मागच्या भिंतीवरील मथळ्यांशी जुळवून विद्वानांनी तिची ओळख पटविली. म्हणजे ज्या स्त्रीविषयी आपण गेली दीडशे वर्षे बोलत आहो, तिचे नाव तिच्या स्वतःच्या लेखातून नव्हे, तर एका हरवलेल्या मूर्तीच्या डोक्यावरील पाटीवरून आपल्याला मिळालेले आहे.

तो लेख धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना नमस्कार करून सुरू होतो. पश्चिम महाराष्ट्रातील इतर बहुतेक लेणी भिक्खूंसाठी खोदलेली, त्यांतील लेख भिक्खूसंघाला दिलेल्या दानाचे. आणि त्यांच्या मधोमध हा एकच लेख वैदिक यज्ञांची गणना करीत उभा आहे. अग्न्याधेय, राजसूय, दोन अश्वमेध, गवामयन, आप्तोर्याम, अंगिरसांची आणि गर्गांची अतिरात्रे, अशी ती मालिका आहे, आणि प्रत्येक यज्ञापुढे दक्षिणेचा आकडा मांडलेला आहे : कोठे १,७०० गायी आणि १० हत्ती, कोठे ११,००० गायी आणि १,००० घोडे, कोठे २४,४०० कार्षापण, कोठे रुप्याचे कलश. जमाखर्चाच्या वहीतील नोंदींप्रमाणे एकामागून एक येणारे हे आकडे भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात स्वतंत्र महत्त्वाचे ठरले, कारण इतक्या प्राचीन काळी इतक्या संख्येने कोरलेले अंक अन्यत्र सहसा मिळत नाहीत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्या अंकचिन्हांचा जो पाया घातला त्यात नाणेघाटाचा वाटा मोठा आहे. गणिताच्या इतिहासकारांना ही राणी ठाऊक असते ती एवढ्यापुरती, आणि एका सम्राज्ञीचे स्मरण दोन, चार, सहा, सात आणि नऊ या अंकांच्या आकारांमुळे व्हावे, यात काही गंमत नाही असे म्हणवत नाही.

पण या आकड्यांच्या आधी, देवतांच्या नमस्कारानंतर, राणीचे जे वर्णन येते तेच या निबंधाचे खरे निमित्त आहे. ती महिना-महिना उपवास करणारी आहे. घरात राहून तापसीचे जीवन जगणारी आहे. ब्रह्मचर्य आचरणारी आहे. दीक्षा, व्रते आणि यज्ञ यांत निष्णात आहे. या विशेषणांवरून लेख कोरला गेला त्या वेळी ती विधवा होती हे अनुमान बहुतेक सर्वांनी केले आहे, आणि ते योग्य दिसते. दक्षिणापथाचा राजा मृत, मुलगे लहान, बापाकडून महारठींचे प्रबळ घराणे पाठीशी. अशा परिस्थितीत राज्याची मुखत्यारी मातेच्या हाती आली असली पाहिजे, असे पुढचे अनुमान त्यावर उभे राहते. मराठी वाचकाला ही परिस्थिती इतकी परिचित आहे, छत्रपती राजारामांच्या पश्चात ताराबाईने अज्ञान पुत्राच्या नावाने चालविलेला कारभार त्याच्या इतका अंगवळणी पडलेला आहे, की अनुमानाचे सिद्धांतात रूपांतर केव्हा झाले हे त्याच्या ध्यानातही येत नाही. परंतु लेखात ती राज्य करीत होती असे शब्द नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. शब्द आहेत ते तपाचे.

आता ज्या काळात ही राणी झाली, त्याच काळाच्या आसपास पश्चिम समुद्राच्या पलीकडे, ज्या साम्राज्याचे सोने कल्याणच्या बाजारात येत होते, त्या रोमच्या राजधानीत दुसरी एक स्त्री राज्यसत्तेच्या अगदी मध्यभागी बसलेली होती. लिविया ही पहिल्या सम्राटाची, ऑगस्टसची पत्नी. जन्म इसवी सनापूर्वी ५८, मृत्यू इसवी सन २९. पन्नासहून अधिक वर्षे सम्राटाची सहचारिणी आणि त्यानंतर पंधरा वर्षे दुसऱ्या सम्राटाची, टायबेरियसची, माता. तिच्या प्रतिमा साम्राज्यभर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा इतिहास नाणेघाटच्या नेमका उलट आहे. आरंभीच्या पुतळ्यांत ती कपाळावर केसांची गाठ बांधलेली, साध्या वेषातली, चरख्याशी नाते सांगणारी गृहिणी आहे, कारण पतीला लोकांपुढे जुन्या रोमन सदाचाराचा आदर्श मांडावयाचा होता. पतीच्या मृत्युपत्राने तिला ऑगस्टा ही पदवी मिळाल्यावर ती धान्यदेवतेच्या वेषात दिसू लागते. आणि इसवी सन ४२ मध्ये तिचा नातू क्लॉडियस याने तिला विधिपूर्वक देवत्व बहाल केले. दगडातील ही चढती भाजणी चालू असतानाच लेखणीतील उतरती भाजणीही सुरू झाली होती. तिचा पणतू कॅलिगुला तिला लुगडे नेसलेला युलिसिस म्हणत असे. रोमन इतिहासकार टॅसिटसने, तिच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिताना, वारसदार एकामागून एक मेले त्या प्रत्येक मृत्यूपाशी सावत्र आईचा हात सुचवून ठेवला, पण सिद्ध कोठेच केला नाही. पुढच्या काळातील इतिहासकार डिओने तर झाडावरच्या अंजिरांना विष चोपडल्याची कथाच नोंदविली. मग अनेक शतके ही विषकन्या झोपून होती, आणि १९३४ मध्ये रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कादंबरीकाराने तिला अशा काही कौशल्याने उठवून बसविले, की पुढे १९७६ मध्ये त्या कादंबरीवरून निघालेली दूरचित्रवाणी मालिका पाहिलेल्या पिढीला दुसरी लिविया ठाऊकच नाही. अलीकडचे इतिहासकार म्हणतात की विषाचा पुरावा नाही, आणि कारस्थानी सावत्र आई ही रोमन इतिहासलेखनातील एक ठरीव भूमिका होती. हे बरोबर असले तरी कादंबरीची छाप पुसली जात नाही.

लिवियाची आमच्याकडील बहीण शोधावयाची झाल्यास ती नाणेघाटात मिळणार नाही. ती शनिवारवाड्यात मिळेल. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्याचा गारद्यांनी खून केला, आणि पकडण्याच्या हुकुमाचे मारण्याच्या हुकुमात रूपांतर करणारी म्हणून रघुनाथरावाची पत्नी आनंदीबाई मराठी मनात कायमची उभी राहिली. ग्रँट डफने १८२६ मध्ये ती लोकसमजूत इंग्रजी इतिहासग्रंथात नेली, नाटककारांनी ती रंगभूमीवर खेळविली, आणि १९४४ च्या ‘रामशास्त्री’ या प्रभातच्या चित्रपटात ललिता पवारांनी तिला असा चेहरा दिला की तो पाहिलेल्यांना दुसरा सुचू नये. आमच्या बोरघाटाला या प्रकरणाची झळ प्रत्यक्ष लागलेली आहे : रघुनाथरावाला पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी निघालेली इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस याच घाटाने वर चढली, पुढच्या जानेवारीत कार्ल्याजवळ तिचा कप्तान स्टुअर्ट, म्हणजे आमचा इष्टुर फाकडा, पडला, आणि वडगावास तिला नाक मुठीत धरून तह करावा लागला. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांचा तलाव आणि महादेवाचे देऊळ आहे. आनंदीबाईचे तेथे काही नाही. पराभूत पक्षाच्या स्त्रीविषयी विजयी पक्षाच्या कारकुनांनी जे लिहिले तेच उरते, हा रोमचा शिरस्ता पुण्यातही चालला.

नागनिकेच्या वाट्याला हे आले नाही, आणि याचे कारण तिची पुण्याई असे मानावयास मी तयार नाही. तिच्याकडे टॅसिटस नव्हता, एवढेच. तिच्या दीरांनी, सवतींनी, सरदारांनी, किंवा ज्या महारठींच्या बळावर ती उभी होती त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी तिच्याविषयी काय म्हटले असेल, ते भूर्जपत्रावर लिहिले गेले असलेच तर केव्हाच कुजून गेले. उरले ते फक्त तिच्या बाजूने कोरलेले वचन. लिवियाचे चित्र तिच्या शत्रूंनी रंगविले, नागनिकेचे तिच्याच देखरेखीखाली कोरले गेले. आणि दोन्ही ठिकाणी इतिहासकाराला अर्धाच साक्षीदार मिळालेला आहे.

म्हणून तपाच्या त्या विशेषणांकडे मी जरा व्यवहारी दृष्टीने पाहतो. हा लेख राजधानीत नाही, देवळात नाही, यज्ञभूमीवरही नाही. तो घाटमाथ्यावर, जकातीच्या ठाण्याशेजारी, कोकणातून चढून दमलेला प्रत्येक व्यापारी, तांडेवाला, भिक्खू आणि परदेशी दलाल ज्या ठिकाणी सावलीला बसणारच, तेथे कोरलेला आहे. अशा माणसाला राणीच्या उपवासांशी काय कर्तव्य? त्याला हे कळावयास हवे होते, की राजा गेला असला तरी घराणे मोडलेले नाही. सिमुकापासून धाकट्या कुमारापर्यंत सगळे येथे ओळीने उभे आहेत. ज्या तिजोरीतून एकेका यज्ञाला हजारो गायी आणि कार्षापण निघतात ती तिजोरी भरलेली आहे. आणि जी स्त्री आता या घराण्याच्या केंद्रस्थानी आहे तिच्या आचरणाला कोणी बोट लावू शकणार नाही. विधवा राणीच्या हाती कारभार असताना तिच्याविरुद्ध पहिली कुजबूज कशाची होते हे रोममध्ये, पुण्यात आणि पैठणात सारखेच असणार. त्या कुजबुजीचे उत्तर आधीच भिंतीवर देऊन ठेवलेले आहे. लिवियाच्या पतीने तिला सूत कातणारी गृहिणी म्हणून मिरविले. नागनिकेने स्वतःला घरातली तापसी म्हणून मिरविले. दोन्ही ठिकाणी सत्तेने घरगुती सद्गुणांचे वस्त्र पांघरले. तिची व्रते खोटी होती असा याचा अर्थ नव्हे. व्रते खरी असतील, आणि त्यांची जाहिरातही खरी होती.

याच घराण्यात पुढे सुमारे दीड-दोन शतकांनी गौतमी बलश्री झाली. नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात, नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी कोरविलेल्या तिच्या लेखात ती सत्य, दान, क्षमा, अहिंसा यांत रत आणि तप, दम, नियम, उपवास यांत तत्पर अशी राजर्षिवधू आहे. बलश्रीने लेणे भदायनीय भिक्खूंना दिले, नागनिकेने यज्ञ केले; धर्म वेगळे, विशेषणांचा साचा तोच. त्यावरून एवढे दिसते की सातवाहनांच्या दरबारात राजमातेने कसे बोलावे याची एक रीत ठरलेली होती, आणि ती रीत आपल्याला उपलब्ध असलेल्या पुराव्यात प्रथम नाणेघाटाच्या भिंतीवर दिसते.

लेखाच्या वाचकांचा इतिहासही मुळाइतकाच बोधक आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८२८ च्या उन्हाळ्यात हे दालन पाहिले आणि अक्षरे उतरून घेतली, तेव्हा लेण्यांतील सगळेच बौद्धांचे असा त्या काळचा सर्वसाधारण समज होता. भगवानलाल इंद्रजींनी मथळे आणि लेख यांचा नीट ठाव घेतला. आणि १८८३ मध्ये जर्मन पंडित ब्यूलर यांनी लेखाचे जे वाचन प्रसिद्ध केले तेच पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया झाले. ब्यूलर हे धर्मशास्त्राचे गाढे अभ्यासक. स्त्रीला स्वतंत्रपणे श्रौत यज्ञ करण्याचा अधिकार शास्त्र देत नाही, म्हणून हे यज्ञ सातकर्णीचे, राणी केवळ सहधर्मचारिणी, असा त्यांचा निर्णय. आणि अश्वमेध-राजसूय हे राजाचेच यज्ञ असल्यामुळे तो निर्णय निराधार म्हणता येत नाही. पण ज्या शास्त्राच्या आधारे त्यांनी तिला पतीच्या मागे उभे केले, त्या शास्त्राची बंधने सातवाहनांच्या दरबारात कितपत पाळली जात होती हे आपल्याला दुसऱ्या कोणत्या पुराव्यावरून कळते? ज्या घराण्यात राजे आपल्या आईच्या गोत्राने, गौतमीपुत्र आणि वासिष्ठीपुत्र म्हणून ओळखले गेले, आणि ज्या भिंतीवर राणीचे नाव राजाच्या आधी आले, त्या घराण्याला मनुस्मृतीचे माप लावण्यात काही घाई झाली असे मला वाटते. नागनिका ब्यूलरांच्या हाती आदर्श हिंदू पत्नी झाली. ती तशी व्हावी ही एकोणिसाव्या शतकाची इच्छा होती.

नंतर दिवस पालटले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या दख्खनच्या इतिहासाने सातवाहनांना महाराष्ट्राच्या कथेचे पहिले प्रकरण बनविले, आणि श्री. व्यं. केतकरांनी १९३५ च्या ‘प्राचीन महाराष्ट्र’ या ग्रंथात त्या काळाला शातवाहन पर्व म्हणून स्वतंत्र आसन दिले. त्या वातावरणात नाणेघाटातील महारठी हा शब्द एखादा वंशवृक्ष सापडावा तसा चमकू लागला. अंगिय कुळाची कन्या ही महाराष्ट्राची आद्य राजकन्या ठरली, आणि परकीय शकांविरुद्ध उभ्या राहिलेल्या वैदिक घराण्याची ती कुलमाता झाली. महारठी हे त्या काळी प्रांतिक सरदारांचे बिरूद होते, एवढे म्हणून थांबणे शहाणपणाचे. परंतु ज्या पिढीला स्वराज्य मिळवावयाचे होते तिला पूर्वजांची गरज होती, आणि गरजेपुढे सावधपणा टिकत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी राजकन्येला बाजूला ठेवून रस्त्याकडे पाहावयास शिकविले : जुन्नर, घाट, लेणी, तांडे आणि जकात यांचा परस्परसंबंध त्यांनी पायी हिंडून मांडला, आणि नाणेघाटाचे दालन एका व्यापारी मार्गावरील ठाणे म्हणून दिसू लागले. वा. वि. मिराशी यांनी १९७९ मध्ये सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचे कोरीव लेख मराठीत एकत्र दिले, त्यामुळे ब्यूलरचा जाडा ग्रंथ न धुंडाळता सामान्य वाचकाला मूळ लेख पाहता येऊ लागला. दरम्यान लिपीच्या वळणावरून ब्यूलरने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ठेवलेली ही राणी नाण्यांच्या आणि उत्खननांच्या अभ्यासकांनी एक शतक अलीकडे ओढली आहे, आणि तसे झाल्यास तिची अखेर आणि लिवियाचे बालपण जवळ जवळ येतात.

सातकर्णीबरोबर नागनिकेचेही नाव असलेले चांदीचे नाणे पुढे आल्यापासून तिच्या चित्रात आणखी एक रंग भरला. आता व्याख्यानांतून आणि शाळकरी पुस्तिकांतून ती भारतातील पहिली स्त्री राज्यकर्ती, नाण्यावर नाव घालणारी पहिली राणी, अशा पदव्यांनी भूषविली जाते. पहिली हा शब्द इतिहासात फार जपून वापरावा. उद्या एखाद्या शेतात नांगराला लागलेले मडके त्याची वाट लावू शकते. शिवाय राज्य करणारी स्त्री म्हणून तिचा गौरव करताना तिच्या उपवासांची ओळ हळूच गाळली जाते, जशी पूर्वीच्या लेखकांनी तिच्या नावाच्या अग्रक्रमाची खूण गाळली होती. प्रत्येक पिढीने त्या वीस ओळींतून आपल्याला हवी ती ओळ उचलली आणि उरलेल्या झाकून ठेवल्या.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात १९३८ साली हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. अंगभर दागिने ल्यालेली, दोन दासींमध्ये उभी. तिच्यासारख्या हस्तिदंती मूर्ती मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या असल्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातूनच गेली असावी असे पुष्कळ अभ्यासक मानतात. रोमन लेखक प्लिनी तक्रार करीत होता की हिंदुस्थान दरसाल साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स गिळतो. पेरिप्लस या ग्रीक समुद्रमार्गवर्णनाचा अज्ञात लेखक कुरकुरत होता की थोरल्या सरगनसच्या अमलात रीतसर चालणारे कल्याण बंदर आता अडविले गेले आहे आणि तेथे चुकून शिरलेले ग्रीक तारू पहाऱ्यात भडोचला नेले जाते. या सरगनसला बरेच विद्वान सातकर्णी समजतात. म्हणजे नागनिकेच्या घराण्याचे नाव रोमच्या खलाशांच्या ओठांवर वेडेवाकडे का होईना पोचले होते, दख्खनच्या एका अनामिक स्त्रीची मूर्ती इटलीतल्या घरात पोचली होती, आणि ती अनामिका आजही नेपल्सच्या संग्रहालयात सुखरूप उभी आहे. जिचे नाव कोरलेले होते तिची मूर्ती तिच्याच घाटात फुटली.

मग नागनिका राज्यकर्ती होती की नव्हती? माझे मत असे आहे की होती. कारण ज्या घाटाची जकात घराण्याच्या तिजोरीचा एक मोठा झरा होता त्या घाटाच्या माथ्यावर, पतीच्या पश्चात, संपूर्ण घराण्याची प्रतिमापंक्ती आणि त्याच्या दानाचा हिशेब स्वतःच्या वर्णनासह कोरविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याच्या हाती इतरही पुष्कळ काही असते, आणि लहान मुलांच्या नावाने दुसराच कोणी कारभारी राज्य चालवीत असता तर तो त्या भिंतीवर कोठे तरी दिसला असता. पण हे मत आहे. उद्या त्या झिजलेल्या ओळींचे एखादे अधिक चांगले वाचन निघाले तर ते बदलावे लागेल, आणि त्यासाठी त्या ओळी शिल्लक राहिल्या पाहिजेत.

आषाढ-श्रावणात नाणेघाटावर वाऱ्याने उलटे उडणारे धबधबे पाहण्यासाठी मुंबई-पुण्याहून झुंडी लोटतात, पावसाच्या सरीत त्याच दालनाचा आसरा घेतात, आणि भिंतींना पाठ टेकून बसतात. त्यांना एकच विनंती आहे : पाठ टेकू नका, भिंतीवर हात फिरवू नका, आपली नावे कोरण्याचा तर विचारही करू नका. डाव्या भिंतीपासून आरंभ करून उजव्या भिंतीवर संपणाऱ्या त्या वीस ओळी महाराष्ट्रातील कोणत्याही स्त्रीविषयी कोरला गेलेला आज ठाऊक असलेला सर्वात जुना विस्तृत मजकूर आहेत, आणि त्यांची दुसरी प्रत नाही.